वाचकांचे प्रश्न : धोके नवे, तर युद्धाचे नियमही नवे हवेत का?

सार्वभौमत्व आणि युद्ध यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांची सनद १९४५ साली तयार झाली, तेव्हा युद्ध म्हणजे सीमा ओलांडून येणारे रणगाडे एवढेच चित्र डोळ्यांसमोर होते. आज दहा माणसे होडीतून उतरतात आणि महानगर वेठीस धरतात. क्षेपणास्त्र काही मिनिटांत येऊन पोहोचते. पहिला घाव सोसल्याखेरीज हात उचलायचा नाही, हा नियम राष्ट्रांनी आता का पाळावा? सार्वभौमत्वाची जुनी कल्पनाच मोडीत काढायला नको का?
— एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : जुना नियम राष्ट्राचे हात बांधून ठेवतो असे आपण गृहीत धरले आहे. अनेक जाणकारही तसेच समजतात, म्हणून आधी नियम काय आहे ते पाहू. सनदेच्या दुसऱ्या कलमातील चौथ्या पोटकलमाने दुसऱ्या राष्ट्राच्या भौगोलिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करायला आणि तशी धमकी द्यायलाही मनाई केली. कलम ५१ ने सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षण करण्याचा उपजत हक्क अबाधित ठेवला. मात्र आपण काय केले हे सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवण्याची अट घातली. हल्ला अजून झालेला नाही, पण दारात येऊन ठेपला आहे, अशा परिस्थितीत काय करावे याबद्दल सनद स्पष्ट बोलत नाही. ते उत्तर तिच्या शंभर वर्षे आधी एका जहाजाच्या प्रकरणातून मिळाले होते.

डिसेंबर १८३७ मध्ये कॅनडातील बंडखोरांना नायगारा नदीपलीकडून, म्हणजे अमेरिकेच्या बाजूने, रसद पोहोचवणारे ‘कॅरोलाइन’ नावाचे जहाज ब्रिटिश सैनिकांनी रात्री नदी ओलांडून गाठले, पेटवून दिले आणि धबधब्याच्या दिशेने सोडून दिले. ही घटना अमेरिकेच्या हद्दीत घडली आणि तीत एक अमेरिकन नागरिक मारला गेला. ब्रिटनने स्वसंरक्षणाचे कारण पुढे केले, तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी १८४१ साली ब्रिटिश वकिलाला लिहिलेल्या पत्रात या हक्काची कसोटी मांडली : गरज तत्काळ आणि अनिवार असली पाहिजे, दुसरा मार्ग निवडायला वाव आणि विचार करायला क्षणभरही उसंत नसली पाहिजे, आणि केलेली कृती त्या गरजेपलीकडे जाता कामा नये. ही कसोटी आजही प्रमाण मानली जाते. तिच्यानुसार शस्त्रे घेऊन किनाऱ्याकडे निघालेली होडी भर समुद्रात रोखण्यासाठी कोणत्याही राष्ट्राला आधी घाव सोसावा लागत नाही.

म्हणजे आज जे नवे धोरण मागितले जाते ते याहून वेगळे आहे. अमेरिकेने सप्टेंबर २००२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणात, शत्रूचा हल्ला केव्हा आणि कोठे होईल याची खात्री नसली तरी आधीच कारवाई करण्याची भूमिका घेतली. दारात आलेला हल्ला रोखणे आणि पुढे केव्हातरी होऊ शकेल अशा हल्ल्याची कल्पना करून युद्ध सुरू करणे यांत मोठे अंतर आहे, आणि सगळा वाद त्या अंतराविषयी आहे.

या अंतराची किंमत जगाने मोजली आहे. इस्रायलच्या विमानांनी ७ जून १९८१ रोजी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी नष्ट केली. त्यानंतर बारा दिवसांनी सुरक्षा परिषदेने ठराव ४८७ एकमताने संमत करून त्या हल्ल्याची तीव्र निंदा केली, आणि त्या ठरावाच्या बाजूने अमेरिकेनेही मत दिले. इराकचा अण्वस्त्रांचा प्रयत्न त्यानंतर गुप्तपणे अधिक जोमाने सुरू झाला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पुढे ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी त्याच परिषदेपुढे इराकच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांची चित्रे दाखवली. त्या माहितीचा मुख्य आधार एकच खबऱ्या होता, आणि त्याची गोष्ट पुढे खोटी निघाली. मार्चमध्ये युद्ध सुरू झाले. अमेरिकेनेच नेमलेल्या शोधपथकाने २००४ साली दिलेल्या अहवालानुसार इराकमध्ये सामूहिक संहाराच्या अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. तोवर एक राज्ययंत्रणा कोसळली होती, आणि तिच्या ढिगाऱ्यातून पुढे जे सशस्त्र गट उभे राहिले ते आधीच्या धोक्याहून अधिक भयंकर ठरले. भारताच्या संसदेने त्या युद्धाचा निषेध केला आणि इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंती आपण जुलै २००३ मध्ये नाकारली. तो निर्णय योग्य होता असे मला आजही ठामपणे वाटते.

सार्वभौमत्व मोडीत काढावे असे म्हणणाऱ्यांनी, ते मोडीत निघाल्यावर कोणाचे संरक्षण जाईल, हे पाहावे. बलाढ्य राष्ट्राचे संरक्षण त्याचे सैन्य करते. १९४५ नंतर स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेतील राष्ट्रांजवळ सैन्य नव्हते, पैसा नव्हता. आपल्या सीमा हिसकावून घेता येणार नाहीत एवढी एक हमी त्यांना सनदेने दिली. संशयावरून पहिला वार करण्याची मुभा एकदा कायद्यात आली की ती फक्त सद्हेतूच्या राष्ट्रांपुरती ठेवता येत नाही. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर चढाई केली, तेव्हा त्याच्या अध्यक्षांनी आपल्या भाषणात कलम ५१ चाच आधार घेतला आणि भविष्यातील धोक्याचेच वर्णन केले. माझे म्हणणे इतकेच आहे की धोका कितीही नवा असला, तरी तो खरा आहे, जवळचा आहे आणि अमुक राष्ट्राकडूनच आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी हात उचलणाऱ्यावरच राहिली पाहिजे.

प्रश्न : मी न्हावा-शेवा बंदरात मालाच्या निर्यातीचे काम पाहते. २०१७ साली सायबर हल्ल्यामुळे येथील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. पुढे २०२० मध्ये मुंबईची वीज गेली, तेव्हाही परकीय हल्ल्याची चर्चा झाली. गोळी न झाडता बंदर आणि शहर बंद पाडता येत असेल, तर ते युद्धच नव्हे का? आणि त्याला शस्त्राने उत्तर का देऊ नये?
— एक वाचक, उरण

उत्तर : आपण सांगितलेल्या दोन घटनांतच या प्रश्नाची खरी अडचण दिसते, म्हणून त्या थोड्या तपशिलाने पाहू.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला. तो खंडणी मागत असल्यासारखा दिसत होता; प्रत्यक्षात तो संगणकांतील माहिती कायमची नष्ट करत होता. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीची यंत्रणा त्यात कोलमडली आणि तिच्याच समूहाकडून चालवले जाणारे न्हावा-शेव्यातील टर्मिनल बंद पडले. यार्डातला कोणता कंटेनर कोणाचा आहे हे ओळखणेही अवघड झाले. जे काम चालले ते हाताने नोंदी करून, मुंगीच्या पावलांनी. युक्रेनच्या दिशेने सोडलेला बाण उरणच्या वेशीत येऊन रुतला, आणि त्या भांडणाशी येथल्या कोणाचाही काडीचाही संबंध नव्हता. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले. अमेरिका आणि ब्रिटन यांनी या हल्ल्यासाठी रशियाच्या लष्कराला जाहीरपणे जबाबदार धरले ते फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे सुमारे आठ महिन्यांनी. रशियाने तो आरोप फेटाळला.

हे युद्ध होते का, याचा निर्णय एका न्यायालयालाही करावा लागला. मर्क या औषध कंपनीने याच हल्ल्यातील नुकसानीपोटी सुमारे १४० कोटी डॉलरचा विमा मागितला. युद्धाने झालेले नुकसान विम्यात बसत नाही, असे सांगून विमा कंपन्यांनी नकार दिला. न्यू जर्सीच्या न्यायालयाने तो नकार अमान्य केला आणि २०२३ साली अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला : युद्धाचे ते कलम सशस्त्र लष्करी कारवाईसाठी लिहिलेले आहे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या विध्वंसासाठी नाही. विम्याच्या करारावरचा निकाल आंतरराष्ट्रीय कायदा ठरवत नाही, हे मान्य. तरीही सरकारांनी ज्या प्रश्नाचे उत्तर टाळले, त्याला हात घालावा लागला तो एका प्रांतिक न्यायालयाला, याची दखल घेतली पाहिजे.

आता मुंबई. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाणे परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या साथीत रुग्णालयांना जनरेटरवर अवलंबून राहावे लागले. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस एका अमेरिकन सायबर सुरक्षा कंपनीने, चीनशी संबंधित गटाने भारताच्या वीजयंत्रणेत शिरकाव केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी सायबर पोलिसांच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र ती घटना मानवी चुकीमुळे घडली असे सांगितले. इतरत्र सायबर हल्ल्यांचे प्रयत्न झाले, पण मुंबईच्या अंधाराशी त्यांचा संबंध नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच देशातील दोन सरकारांची एकाच घटनेविषयीची मते अशी वेगळी होती.

त्या वेळी लडाखमध्ये काय परिस्थिती होती तेही आठवावे. जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले होते आणि दोन्ही सैन्ये हाकेच्या अंतरावर उभी होती. सायबर हल्ल्याच्या संशयाला शस्त्राने उत्तर देण्याचे धोरण तेव्हा लागू असते, तर एका वीजवाहिनीतल्या बिघाडावरून दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रांमध्ये युद्ध पेटण्याची शक्यता होती. हा विचार मला फार अस्वस्थ करतो.

तेव्हा सायबर हल्ला कधीच सशस्त्र हल्ला ठरत नाही, असे मी म्हणत नाही. धरणाचे दरवाजे उघडून गावे बुडवली, विमाने पाडली, रुग्णालयांत माणसे मारली, तर साधन संगणक होता म्हणून परिणाम बदलत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वा प्रकरणात १९८६ साली बळाच्या वापराचे अतिगंभीर प्रकार आणि त्याहून सौम्य प्रकार असा भेद केला. परिणामांचे गांभीर्य पाहण्याची ती दृष्टी येथेही उपयोगी आहे. त्या पायरीच्या खाली राहणाऱ्या हल्ल्यांना निर्बंध, खटले, राजनैतिक हकालपट्टी, शस्त्राविना प्रतिकारात्मक उपाय असे मार्ग कायद्यात उपलब्ध आहेत. नवे काही उभारायचेच असेल, तर हल्ला कोणी केला हे निःपक्षपणे तपासणारी आंतरराष्ट्रीय यंत्रणा उभारावी. अण्वस्त्रांच्या प्रश्नात व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आहेत. सायबर हल्ल्यांसाठी तसे कोणी नाही. आज प्रत्येक राष्ट्र आपल्याच गुप्तचरांच्या शब्दावर विसंबते आणि दुसऱ्यानेही विसंबावे अशी अपेक्षा करते.

प्रश्न : एखादे राष्ट्र दहशतवाद्यांना आश्रय देत असेल, तर त्याला सार्वभौमत्वाचे कवच का मिळावे? बालाकोट आणि ऑपरेशन सिंदूर या कारवायांकडे कायद्याच्या दृष्टीने कसे पाहावे?
— कायद्याची एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : असे कवच कायद्याने कधीच दिलेले नाही. आपला प्रदेश दुसऱ्या राष्ट्राच्या हक्कांविरुद्धच्या कृत्यांसाठी जाणूनबुजून वापरू न देणे हे प्रत्येक राष्ट्राचे कर्तव्य आहे, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कॉर्फू सामुद्रधुनीच्या प्रकरणात १९४९ सालीच सांगितले. आमसभेने १९७४ मध्ये केलेल्या आक्रमणाच्या व्याख्येत सशस्त्र टोळ्या पाठवण्याचाही समावेश आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतरच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव १३७३ ने दहशतवाद्यांना आश्रय आणि पैसा न देण्याचे बंधन सर्व राष्ट्रांवर घातले. सार्वभौमत्वात हक्कांइतकेच कर्तव्य आहे, हे तत्त्व त्यामुळे जुनेच आहे. अडते ते अंमलबजावणीत.

भारताची अधिकृत भूमिका फेब्रुवारी २०२१ मध्ये मेक्सिकोने बोलावलेल्या सुरक्षा परिषदेच्या सदस्यांच्या अनौपचारिक बैठकीत मांडली गेली, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ती मुळातून वाचावी असे मी सुचवीन. दुसऱ्या राष्ट्राच्या भूमीतून काम करणाऱ्या गटाविरुद्ध आधीच कारवाई करता येते; त्यासाठी त्या गटाने वारंवार हल्ले केलेले असावेत, यजमान राष्ट्राची त्याला आवर घालण्याची इच्छा नसावी, आणि यजमान राष्ट्र त्या गटाला सक्रिय पाठबळ देत असावे, असा तिचा आशय आहे. केवळ असमर्थ असलेल्या राष्ट्रावर बॉम्ब टाकण्याची मुभा मागणाऱ्या काही पाश्चात्त्य मांडण्यांपेक्षा ही भूमिका अधिक संयमी आहे, कारण तिच्यात पाठबळाचा पुरावा लागतो.

बालाकोटनंतर २६ फेब्रुवारी २०१९ रोजी तत्कालीन परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी ती कारवाई लष्करी ठिकाणांविरुद्ध नव्हती, आणखी हल्ल्यांची तयारी चालल्याच्या माहितीवरून आधीच केलेली होती, असे सांगितले. पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांना ठार मारण्यात आले. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. ७ मेच्या पहाटे भारताने नऊ ठिकाणी हल्ले केले आणि ही कारवाई मोजूनमापून, संघर्ष न वाढवणारी असल्याचे जाहीर केले. दोन्ही वेळा सरकारने वेब्स्टरच्याच कसोटीची परिभाषा वापरली, याचा अर्थ भारतालाही जुना नियम सोडून द्यायचा नाही. तो ज्या चौकटीत बसतो तिच्यातच आपली बाजू मांडायची आहे.

मला उणीव जाणवते ती पुराव्याची. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलून एक हल्लेखोर जिवंत पकडून दिला. त्याच्यावर उघड्या न्यायालयात खटला चालला, बचावाचा वकील मिळाला, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपिले झाली. या हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने २०१६ साली मुंबईच्या विशेष न्यायालयापुढे अमेरिकेतून व्हिडिओद्वारे साक्ष दिली. त्या खटल्याने जगापुढे जेवढे सत्य ठेवले तेवढे कोणत्याही हवाई हल्ल्याने ठेवलेले नाही. प्रत्येक कारवाईआधी असा खटला चालवता येत नाही, हे उघड आहे. परंतु कारवाईनंतर तरी, गुप्ततेला धक्का न लावता जेवढे उघड करता येईल तेवढे संसदेपुढे आणि जगापुढे यायला हवे.

याची गरज आणखी एका कारणाने आहे. जानेवारी २०२४ मध्ये इराणने पाकिस्तानच्या बलुचिस्तानात क्षेपणास्त्रे डागली, दोन दिवसांनी पाकिस्तानने इराणमध्ये हल्ले केले, आणि त्याच वर्षी पाकिस्तानी विमानांनी अफगाणिस्तानातही बॉम्ब टाकले. प्रत्येकाने दहशतवाद्यांच्या तळांचेच कारण दिले. जो युक्तिवाद आपण वापरतो तोच शेजारीही वापरू शकतो. फरक पडतो तो मागे कोणाजवळ काय पुरावा आहे यानेच.

प्रश्न : मग १९६१ मध्ये गोवा मुक्त करताना भारताने हाच नियम मोडला नव्हता का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : हा प्रश्न टाळण्याची सवय आपण सोडली पाहिजे. पोर्तुगालने भारतावर चढाई केलेली नव्हती आणि सुरक्षा परिषदेची परवानगीही नव्हती. परिषदेत १८ डिसेंबर १९६१ रोजी भारताने सैन्य मागे घ्यावे अशी मागणी करणाऱ्या ठरावाला अकरापैकी सात मते मिळाली. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो फेटाळला गेला. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कठोर टीका केली. त्याआधी, १९६० च्या एप्रिलमध्ये, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दादरा-नगर हवेलीच्या प्रकरणात तेथील पोर्तुगालचे सार्वभौमत्व भारताने मूकपणे मान्य केले होते असे म्हटले होते. हेही सांगायला हवे की त्याच निकालाने पोर्तुगालला भारताच्या प्रदेशातून तेथे सैन्य नेण्याचा हक्क नाकारला.

भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी परिषदेत मांडलेली बाजू अशी होती की गोवा हा वसाहतवादाने बळकावलेला भारताचाच भाग आहे, आणि त्यामुळे तेथे दुसऱ्या राष्ट्राची सीमा ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही. त्या म्हणण्याला १९६० च्या डिसेंबरमधील आमसभेच्या दोन ठरावांचे बळ होते. ठराव १५१४ ने वसाहती संपुष्टात आणण्याची घोषणा केली. ठराव १५४२ ने, आपले सागरपार प्रांत हा आपल्याच देशाचा भाग आहे असे म्हणणाऱ्या पोर्तुगालला नकार देत, गोव्यासह त्या प्रदेशांची नावे घेऊन ते स्वशासित नसल्याचे ठरवले. त्याआधी चौदा वर्षे वाटाघाटींचे प्रयत्न झाले होते, १९५५ साली सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि लिस्बनच्या सालाझार राजवटीने बोलणी करायलाच नकार दिला होता.

माझ्या मते गोव्याचा प्रसंग वसाहतमुक्तीच्या प्रश्नात मोडतो आणि नव्या धोक्यांच्या नावाखाली नियम सैल करू पाहणाऱ्यांना त्याचा आधार घेता येत नाही. काही टीकाकार गोव्याची तुलना युक्रेनशी करतात, पण तीही टिकत नाही. युक्रेन हे संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले राष्ट्र आहे. त्याच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी वचन रशियाने १९९४ च्या बुडापेस्ट करारपत्रात दिले होते. गोव्याला स्वतःचे सरकार नव्हते, आणि पोर्तुगालमध्ये १९७४ साली हुकूमशाही संपताच तेथील नव्या सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस भारताशी करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.